डोळे मिटून विचार

पुण्याच्या मार्केट यार्डात कोणीही झोपत नाही. पहाटे साडेचारला गुलटेकडीच्या फाटकातून आत शिरणाऱ्याला हे विधान साफ खोटं वाटेल. त्याला बटाट्याच्या थप्पीवर एक जण उताणा दिसेल, उभ्या ट्रकच्या केबिनमधून दोन तळवे बाहेर आलेले दिसतील, आणि एखाद्या गाळ्यावर वहीत नाक खुपसून बसलेले दिवाणजी दिसतील, ज्यांच्या पेनाची रेघ 'कोथिंबीर' या शब्दावरून निघून पान संपेपर्यंत गेलेली असते. तरीही विधान खरं आहे, कारण यांच्यापैकी कोणालाही हलवून विचारून बघा. थप्पीवरचा म्हणतो, "पडलो होतो जरा." केबिनमधला म्हणतो, "पाय मोकळे करत होतो." दिवाणजी अनुभवी. ते वर न बघताच सांगतात, "डोळे मिटून हिशेब करतोय. तुमच्यामुळे चुकला." शेजारच्या गाळ्यावर गादीवर रेललेले शेठ मात्र काहीच सांगत नाहीत, कारण त्यांच्या घोरण्यात आपला प्रश्न त्यांना ऐकूच गेलेला नसतो. त्यांच्या वतीने नोकर कौतुकाने सांगतो, "नशीबवान माणूस! पाठ टेकली की झोप."

या नशिबाबद्दल थोडं बोलायला हवं. मार्केट यार्डाचा पाया मुळात परस्परांवरच्या अविश्वासावर घातलेला आहे, आणि हे मी स्तुती म्हणून लिहितोय. शेतकरी सांगतो तेवढं वजन अडत्या धरत नाही, अडत्या सांगतो ते शेतकऱ्याला पटत नाही, म्हणून दोघांच्या मध्ये तोलणार नावाचा परवानाधारक माणूस उभा असतो. तो काट्यावर माल ठेवतो, आकडा ओरडतो, आणि त्या आकड्यावर पट्टी बनते. स्वतःच्या मालाचं वजन मालकाने सांगायचं नाही, हा बाजाराचा पहिला धडा. पण झोपेच्या बाबतीत हाच बाजार एकदम श्रद्धाळू होतो. "झोप कशी लागते?" "मस्त." संपलं. काटा नाही, तोलणार नाही, पावती नाही. खरं तर झोपेबद्दल साक्ष द्यायला सगळ्यात नालायक माणूस कोण असेल, तर तो झोपणारा. घटना घडली तेव्हा तो जागेवर होता, पण शुद्धीवर नव्हता. अशा साक्षीदाराला कुठलंही कोर्ट पिंजऱ्यात उभं करणार नाही. आपण मात्र त्याच्या एकट्याच्या जबानीवर त्याला निरोगी ठरवून त्याच्या हातात ट्रकचं स्टिअरिंग देतो.

सगळ्यात मोठी खोटी साक्ष घोरण्याची. जो जोरात घोरतो तो गाढ झोपतो, ही आपल्याकडची समजूत इतकी पक्की आहे की घोरणाऱ्याचा लोकांना हेवा वाटतो. फक्त त्याच खोलीत झोपणाऱ्यांना वाटत नाही. प्रत्यक्षात घोरणं म्हणजे अरुंद झालेल्या घशातून हवा जाताना होणारी घासाघीस. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, काहींचा रस्ता पूर्ण बंद होतो, आणि श्वास दहा सेकंद, वीस सेकंद, कधी त्याहून जास्त थांबतो. रक्तातला प्राणवायू खाली येतो, मेंदू घाबरून माणसाला अर्धवट जागं करतो, एक मोठा फुरफुराट होतो आणि गाडी पुन्हा सुरू. याला स्लीप ॲप्निया म्हणतात. तासाला पाच वेळा असं झालं की डॉक्टर नोंद घेतात, पंधरापासून मध्यम आणि तीसपासून तीव्र. तीसचा हिशेब दिवाणजींकडून करून घ्यायची गरज नाही: दर दोन मिनिटांनी एकदा, म्हणजे सहा तासांच्या झोपेत एकशे ऐंशी वेळा. रात्रीत एकशे ऐंशी वेळा उठलेला हा गृहस्थ सकाळी तोंड धुताना म्हणतो, "काय गाढ झोप लागली होती!" कारण त्यातली एकही जाग त्याच्या लक्षात राहत नाही. लक्षात राहते ती त्याच्या बायकोच्या. असे संवाद बिबवेवाडीपासून हडपसरपर्यंत घरोघरी होतात. "अहो, रात्री तुमचा श्वास थांबतो." "थांबतो? मग परत चालू कोण करतं?" "मी. कोपराने." यावर नवरा विषय बदलतो आणि बायको शेजारच्या खोलीत झोपायला लागते. तिथे तिला शांत झोप मिळते, पण घरातला एकमेव तोलणार मात्र काट्यावरून उठलेला असतो.

बरं, हा आजार रात्रीपुरता थांबला असता तरी हरकत नव्हती. तो दिवसा इतरांच्या नावाने वावरतो, म्हणून तो सापडत नाही. सकाळी डोकं दुखतं, ते 'पित्तामुळे'. तोंड कोरडं पडतं, ते 'पंख्यामुळे'. रात्रीतून तीनदा लघवीला उठावं लागतं, ते 'वयामुळे'. माणूस दिवसभर खेकसतो, ते 'टोमॅटोचा भाव पडल्यामुळे', आणि भाव चढल्यावरही खेकसतो तेव्हा घरचे म्हणतात की स्वभावच तसा. रक्तदाब गोळ्यांनाही दाद देत नाही, म्हणून गोळ्या वाढतात. उपचार न झालेल्या ॲप्नियाचा संबंध वाढत्या रक्तदाबाशी, हृदयाच्या ठोक्यांच्या बिघाडाशी, पक्षाघाताशी आणि मधुमेहाशी आहे. पण हे सगळे पाहुणे ज्या दारातून येतात ते दार रात्री उघडं होतं का, हे कोणी विचारत नाही. जगात तीस ते एकोणसत्तर या वयातल्या सुमारे 94 कोटी लोकांना कमी-अधिक ॲप्निया असावा, असा अंदाज 2019 साली 'लॅन्सेट'च्या श्वसनविकारांच्या नियतकालिकात आला. इतक्या लोकांचं नशीब एकदम उघडलं असेल, असं मला तरी वाटत नाही.

यावर ठरलेला आक्षेप येतो तो आजोबांचा. "आमचे आजोबा असे घोरायचे की भवानी पेठेतली कौलं हलायची. नव्वदीपर्यंत जगले!" प्रत्येक मराठी घराला असे एक आजोबा दिलेले असतात. ते विडी ओढूनही नव्वद वर्षं जगतात, तुपाची धार धरूनही जगतात, आणि आरोग्याच्या कुठल्याही चर्चेत शेवटचा शब्द त्यांचाच असतो. या आजोबांना माझा नमस्कार. पण घोरणारा प्रत्येक जण आजारी नसतो, हे डॉक्टरही मान्य करतात. बघायचं असतं ते घोरण्याचा आवाज मध्येच तुटतो का, गुदमरल्यासारखं होऊन माणूस दचकतो का, आणि दिवसा डुलक्या येतात का. शिवाय पासष्टाव्या वर्षी झोपेत गेलेल्या आजोबांबद्दल आपण "पुण्यवान, काही कळलंसुद्धा नाही" म्हणतो आणि त्यांना या चर्चेत आणतच नाही. विनोदी लेखकांनी मात्र इथे कॉलर ताठ करायला हरकत नाही. चार्ल्स डिकन्सने 1836-37 मध्ये 'पिक्विक पेपर्स'मध्ये ज्यो नावाचा एक लठ्ठ पोऱ्या रंगवला, जो कुठेही, काहीही करताना झोपतो. लोक हसले. डॉक्टरांनी याच पुस्तकावरून एका आजाराला 'पिक्विकियन' नाव दिलं ते 1956 साली. म्हणजे निदान लेखकाने केलं आणि वैद्यकाला पोचायला एकशेवीस वर्षं लागली. आमच्या धंद्याची कर्तबगारी इथे सुरू होते आणि बहुधा इथेच संपते, कारण त्यामुळे आणखी एक गैरसमज पसरला: ॲप्निया हा जाड्या माणसांचाच आजार. मान जाड असणं, तिचा घेर चाळीस सेंटीमीटरच्या वर असणं, ही धोक्याची खूण खरी. पण जबड्याची ठेवण, टॉन्सिल, वय यांमुळे सडपातळ माणसालाही तो गाठतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, आणि तो यार्डातच ऐकायला मिळतो: "आम्हाला सवय झालीय." इथला दिवस रात्री सुरू होतो. संध्याकाळ उलटली की इंदूरचं गाजर, आग्र्याचा बटाटा, कर्नाटक-गुजरातची हिरवी मिरची, साताऱ्याचं आलं अशा गाड्या लागायला लागतात. रात्रभर माल उतरतो, पहाटे विक्री, आणि शहर चहाला उठतं तेव्हा इथल्या माणसाचा अर्धा धंदा झालेला असतो. मग तो घरी जाऊन झोपतो. म्हणजे झोपायला जातो. खिडकीतून ऊन येतं, खालून भंगारवाला येतो, वरून ड्रिलचा आवाज येतो, आणि पोरं शाळेतून येतात. शरीराचं घड्याळ उजेडावर चालतं. ते ज्या जनुकांनी चालतं त्यांच्या शोधाला 2017 साली नोबेल मिळालं, पण त्या घड्याळाला बाजार समितीचं वेळापत्रक अजून कोणी कळवलेलं नाही. वर्षानुवर्षं रात्रपाळी करूनही बहुतेकांचं शरीर पहाटे दोन ते पाचच्या सुमारास मरगळतंच. आणि 'सवय' या शब्दाची तर अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात 2003 साली चाचणीच झाली. निरोगी माणसांना दोन आठवडे रोज फक्त चार किंवा सहा तास झोपू दिलं आणि त्यांचं लक्ष व चपळाई रोज मोजली. कामगिरी रोज घसरत गेली, इतकी की शेवटी ती एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसासारखी झाली. गंमत पुढे आहे. "किती झोप येतेय?" या प्रश्नाचं त्यांचं उत्तर मात्र पहिल्या काही दिवसांनंतर फारसं बदललंच नाही. आपल्याला जमलंय असं त्यांना वाटत होतं. म्हणजे सवय होते ती झोप कमी पडण्याची नव्हे. आपलं काही बिघडलेलं नाही असं सांगण्याची. आमच्यासारखे रात्री लेख पाडणारे लोक तर याच अवस्थेला प्रतिभा म्हणतात, आणि सकाळी तो लेख वाचल्यावर संपादकांना झोप येते.

गाळ्यावर या आत्मविश्वासाची किंमत फार तर एक चुकलेली पट्टी असते. इंदूरहून जवळजवळ सहाशे किलोमीटर गाजर घेऊन येणाऱ्या ड्रायव्हरच्या बाबतीत हिशेब वेगळा. मेंदू फार थकला की माणसाला न विचारता तीन-चार सेकंद बंद होतो. डोळे उघडे असले तरी. ताशी साठच्या वेगाने चार सेकंदांत ट्रक सुमारे सदुसष्ट मीटर पुढे गेलेला असतो, आणि तेवढ्या अंतरात गाडी चालवणारा कोणी नसतो; फक्त गाजरं असतात. क्लीनर विचारतो, "उस्ताद, झोप आली का?" उस्ताद म्हणतो, "झोप? वीस वर्षं लाइन मारतोय मी." हे उत्तर 'नाही' असं नाही, पण क्लीनरला तेवढं पुरतं, कारण त्यालाही झोपायचं असतं. उस्तादांचे उपाय ठरलेले: खिडकी उघडायची, गाणी मोठ्याने लावायची, तंबाखूचा बार भरायचा. खिडकीचा आणि गाण्यांचाही अभ्यास झालेला आहे. थोडा वेळ बरं वाटतं, त्यापलीकडे फार काही नाही. चहा त्यापेक्षा बरा, पण त्याला चढायला अर्धा तास लागतो. म्हणून चहा घेऊन लगेच पंधरा-वीस मिनिटं गाडीतच झोपावं, हे या विषयावरच्या संशोधनातलं सर्वांत व्यवहारी शहाणपण. चहा घेतल्यावर झोपायचं, ही कल्पना मात्र आपल्याला धर्मबाह्य वाटते.

कायद्याचीही इथे मजा आहे. दारूची नाकाबंदी असते. नळीत फुंकायला लावतात. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्य निघालं की गुन्हा. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 1997 साली दाखवलं की सलग सतरा तास जागा असलेला माणूस हात आणि डोळे यांच्या समन्वयाच्या कामात रक्तात पन्नास मिलिग्रॅम मद्य असल्यासारखा वागतो. म्हणजे एका घोटालाही न शिवलेला, माळ घातलेला, एकादशीचा उपास धरलेला वारकरी ड्रायव्हर सतरा तासांनंतर कायद्याच्या मर्यादेच्या वर असतो, आणि नळीत फुंकल्यावर पोलीस त्याला सलाम करून पुढे सोडतो. झोप मोजणारी नळी नाही. 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास अशी मर्यादा घातली होती. हा कायदा वाचताना मात्र बऱ्याच ट्रकमालकांना गाढ झोप लागत असावी.

आता तिसरा आक्षेप, ज्यापुढे मी थोडा नमतो. लोक म्हणतात, ही सगळी एसीत झोपणाऱ्यांची दुखणी. पाठीवर पोतं वाहणाऱ्या हमालाला कसला झोपेचा आजार? त्याला झोप येते, फक्त वेळ मिळत नाही. यातला दुसरा अर्धा भाग खरा आहे. वेळ न मिळणं हा आजार नाही, ते वेळापत्रक आहे, आणि त्यावर औषध डॉक्टरकडे नाही. पोत्याचं वजन माणसाला झेपेल एवढं असावं, यासाठी बाबा आढावांच्या हमाल पंचायतीला वर्षानुवर्षं भांडावं लागलं, आणि पोतं तर सगळ्यांना दिसत होतं. अपुऱ्या झोपेचं ओझं दिसत नाही, मग त्यासाठी किती भांडावं लागेल? पण पहिला अर्धा भाग चुकीचा आहे. कष्टाने घसा रुंद होत नाही. आजार आणि वेळापत्रक वेगळं करायची सोपी सोय यार्डातच आहे: फळ-भाजी बाजाराला शनिवारी सुट्टी असते. दोन-तीन सुट्ट्यांना पोटभर झोपूनही माणूस रविवारी काट्याशेजारी उभ्या-उभ्या डुलत असेल, तर दोष बाजार समितीचा नाही. त्याने छातीच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जावं. पडल्यावर पायांत अशी वळवळ सुटत असेल की हलवल्याशिवाय चैन पडत नाही, तर ते 'दिवसभर उभं राहिल्याने' आहे असं ठरवण्याआधी रक्तातलं लोह तपासावं. भाजी निवडणाऱ्या कितीतरी बायका रात्रभर पाय चोळून घेतात आणि लोहाचं नाव कोणी काढत नाही. आठवड्यातून तीन रात्री, तीन महिने झोपच लागत नसेल, तर तो निद्रानाश. त्यावर 'थोडीशी घेण्याचा' घरगुती उपाय घशाचे स्नायू आणखी सैल करून घोरण्याला मदत करतो. आणि खळखळून हसल्यावर गुडघे लुळे पडत असतील, तर तो नार्कोलेप्सी या झोपेच्या आजाराचा प्रकार असू शकतो. हा लेख वाचून तसं झालेलं नसणार, याची मला खात्री आहे.

ॲप्नियावर उपाय आहे, आणि तो ऐकूनच निम्मे रुग्ण बरे झाल्याचं जाहीर करतात. सिडनीच्या कॉलिन सुलिव्हान यांनी 1981 साली नाकावाटे हवेचा हलका दाब देऊन घसा उघडा ठेवायची युक्ती काढली; सुरुवातीच्या यंत्रात व्हॅक्यूम क्लीनरची मोटर उलटी वापरली होती. आजचं यंत्र लहान आणि शांत असतं. "नाकाला सोंड लावून झोपायचं मी?" शेठ विचारतात. "लावा हो," शेठाणी म्हणतात, "निदान गणपतीसारखे शांत तरी पडाल." यंत्राआधी झोपेची रीतसर तपासणी होते, आणि त्याच्याही आधी आठ प्रश्नांची एक साधी यादी. मेलबर्नच्या मरे जॉन्स यांनी 1991 साली केलेली. कुठल्या प्रसंगी डुलकी लागण्याची शक्यता किती, एवढंच त्यात विचारतात. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, आणि बेरीज दहाच्या वर गेली की पुढची तपासणी. पुण्यात ही यादी जरा गडबडते. दुपारी आडवं झाल्यावर झोप लागते का, असा एक प्रश्न आहे. त्यात अख्ख्या शहराला पैकीच्या पैकी गुण. सभेत गप्प बसल्यावर डुलकी येते का, हा दुसरा. त्याचं उत्तर वक्त्यावर अवलंबून. कोणाशी बोलता-बोलता झोप लागते का, या प्रश्नावर शेठ बराच वेळ काही बोलले नाहीत, तेव्हा डॉक्टरांनी स्वतःच तीन गुण लिहून टाकले. शेवटचा प्रश्न मोठ्या आवाजात विचारावा लागला. "गाडी सिग्नलला दोन-चार मिनिटं थांबलेली असताना डोळा लागतो का?"

शेठ खडबडून जागे झाले. "सिग्नलला? डॉक्टर, तुम्ही मूळचे कुठले?"